एका घरात दोन बाळंतपणं

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या सुनेनं मांजर पाळली आहे. गुबगुबीत, निळ्या डोळ्यांची, घरातल्या माणसांपेक्षा जास्त थाटाची. परवा मला चहाला बोलावून त्या सुनेनं मोठ्या आनंदानं सांगितलं, की यंदा मांजरीला पिल्लं होऊ द्यायची. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका, पण एकदा तरी हौस नको का? मुलांनाही बघायला मिळेल. मी विचारलं, "तिच्याजवळ बसणार कोण?" ती हसायलाच लागली. "बसायचं कशाला आजी? मांजरच तर आहे. तिचं ती करते."

माझं डोकं फिरलं. ते तसं लवकरच फिरतं, वऱ्हाडच्या उन्हात वाढलेलं डोकं आहे. पण दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचा चहा पिता पिता तोंड सोडणं बरं दिसत नाही, म्हणून कप ठेवला आणि उठून आले. तिला जे सुनावणार होते ते आता इथं लिहिते.

मी डोणगावची. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, साहेब लोक नागपूरहून यायचे आणि लढाई चालू असल्यामुळे घासलेट मिळायचं नाही. आमचं घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. कपाशी आणि ज्वारी. माघ लागेपर्यंत वेचलेला कापूस घरात येऊन मधली खोली पार आढ्यापर्यंत भरलेली असायची. बैलांसाठी सरकीची पोती त्याच खोलीत. आणि सरकी आली की उंदीर आलेच, त्यांना आमंत्रण लागत नाही. त्यामुळे मांजर आमच्याकडे हौसेसाठी नव्हती, कामासाठी होती. तिला नावसुद्धा नव्हतं. माय तिला "बाई" म्हणायची, ते कौतुकानं नव्हे, दुधाच्या भांड्यात तोंड घातलं की.

ही बाई आदल्या पावसाळ्यात कुठूनशी पिल्लू म्हणून आली होती आणि हिवाळा सरायच्या आत तिचं पोट दिसायला लागलं. अजून स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरायचं तिचं वय. माय एकदा म्हणालीही, "पोट्टी लहान हाय अजून." पण म्हणाली आणि भाकरी उलटायला लागली. आमच्याकडे गाय गाभण राहिली तर बाबा रोज तिच्या पाठीवरून हात फिरवून यायचे, पेंड वाढवायचे, वेत कसं होईल याची ओट्यावर चर्चा व्हायची. मांजरीची चर्चा कोण करतो?

घरात आम्ही मोजकीच माणसं. माय, बाबा, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, आणि मी. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची. काका गावातला कापूस खरेदी करून सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, पोचवायचे, आणि त्यांचं लग्न दरवर्षी जमत जमत मोडायचं. त्याच माघात आक्का, माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर देऊळघाटाकडे. सातवा महिना लागला की पोरीनं माहेरी यायचं आणि माहेरच्या घरातच बाळंत व्हायचं, हा आमच्याकडचा कायदा. कोणी लिहिलेला नाही, पण कोणी मोडलेलाही नाही.

आक्का आली ती घाबरूनच आली. पहिल्यासारखी बडबड नाही, भांडण नाही. माझ्या वेण्या घालताना पूर्वी केस उपटायची, आता हलक्या हातानं घालायची, आणि मला तर तेच जास्त खटकायचं. तिच्या भीतीचं कारण मायला ठाऊक होतं आणि मलाही दाराआडून ठाऊक झालं होतं. तिची थोरली जाऊ आदल्या दिवाळीला बाळंतपणात गेली होती. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायच्या. त्या जावेचं पोळपाट-लाटणं आता आक्काच्या हातात आलं होतं.

हे कोणी तोंडानं बोललं असतं तर बरं झालं असतं. पण असल्या दिवसांत अभद्र बोलू नये म्हणून सगळे गप्प, आणि गप्प बसवत नाही म्हणून सगळ्यांनी त्या मांजरीला पुढे केलं. सुरुवात मायनंच केली. एके दिवशी आक्का भिंतीला टेकून बसली होती, तिच्या पायाशी मांजर आडवी पडली होती, दोघींची पोटं सारखीच. माय म्हणाली, "घाबरतं कायले व? तिच्याकडे पाह्य. ना सुईण, ना शेक, ना काढा. कोपऱ्यात जाईन अन् चार लेकरं घेऊन येईन. तुले तं समदं करायले आमी हाओत."

आक्का हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बस्स, सगळ्या घराला औषधच सापडलं. तिचा चेहरा उतरला की कोणीतरी मांजरीकडे बोट दाखवायचं. बाबा जेवता जेवता म्हणायचे, "बाई कसी झोपली पाह्य, तिले हाय का काई फिकीर?" शेजारच्या बायका यायच्या त्याही तेच म्हणायच्या. हळूहळू आक्कालाही सवय लागली. सकाळी उठली की आधी मांजर शोधायची. ती खाते का, झोपते का, चालते कशी. मांजर बरी तर आपण बऱ्या, असं काहीतरी तिच्या मनानं धरलं. मला ते कळत होतं आणि गंमतही वाटत होती.

डोहाळजेवण झालं तेव्हा तर कहर झाला. आक्काला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मध्ये पाटावर बसवलेली. एका थट्टेखोर शेजारणीनं दुसरा पाट मांडला आणि मांजरीला उचलून त्यावर बसवली. "हिचीही ओटी भरा व, हिचं माहेर बी हेच हाय." कोणी कपाळावर कुंकू टेकवलं, कोणी गळ्यात हिरव्या खणाची चिंधी बांधली. मांजरीनं पुढ्यातल्या ताटातला पेढा हुंगला, खाल्ला, आणि बायकांनी गाणं धरलं तशी चिंधीसकट उडी मारून आढ्यावर चढून बसली. पार संध्याकाळी उतरली. आक्का इतकी हसली, इतकी हसली, की माय म्हणाली आता पुरे, पोटात दुखेल.

आता काकांचं सांगते. मांजर गाभण आहे हे कळल्यापासून काकांच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू होतं. आमच्याकडे पक्की समजूत होती, की मांजरीची वार ज्याला मिळते त्याच्या घरातून लक्ष्मी हलत नाही. वार म्हणजे पिल्लामागून पडते ती. हळदी-शेंदुरात वाळवून पेटीत ठेवायची, की धंद्याला बरकत. पण मिळणं सोपं नाही. मांजर ती पडल्या पडल्या स्वतःच खाऊन टाकते. म्हणजे झडप घालायला माणूस ऐन वेळी तिथं हजर पाहिजे. काकांनी घासलेटच्या डब्यांचा एक लाकडी खोका मिळवला, त्यात मायचं जुनं लुगडं अंथरलं आणि तो आपल्या खोलीत ठेवला. "ये बाई, इथं ये," म्हणून तिला रोज त्यात नेऊन ठेवायचे. ती रोज उठून जायची. मग काका तिच्या मागे. ती कोठारात, काका कोठारात. ती गोठ्यात, काका गोठ्यात. माय म्हणायची, "एवढं पोरीच्या बापामागं फिरले असते तं लगन झालं असतं तुमचं."

फाल्गुनात एका सकाळी मांजर खोक्याकडे ढुंकूनही न पाहता कापसाच्या ढिगात शिरली आणि आतून तिचा वेगळाच आवाज आला. काका पितळी ताट आणि हळद घेऊन धावले. मायनं आक्काला हाताला धरून आणलं. "ये, पाह्य तुह्या डोयानं. पाह्य कसं होते ते." मी तर आधीच पोत्यावर चढून बसले होते. म्हणजे बाबा सोडले तर सगळं घर त्या कोपऱ्यात. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या बिचारीला जी एक गोष्ट हवी होती, म्हणजे आडोसा आणि शांतता, ती सोडून आम्ही तिला सगळं दिलं.

पहिलं पिल्लू आलं. काळं, ओलं, मुठीएवढं. मांजर त्याला चाटायला वळली, आणि काकांनी हात घातला. तिनं असा पंजा मारला की काकांच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा उठल्या. ताट खणखणत खाली पडलं. मांजर पिल्लू तिथंच टाकून उडाली आणि पोत्यांच्या मागच्या सापटीत जाऊन बसली. आम्ही सगळे हसलो. आक्कासुद्धा. माय म्हणाली, "चाला, तिले करू द्या तिचं काम," आणि सगळ्यांना बाहेर काढलं. काळ्या पिल्लाला मी चिंधीत गुंडाळून सापटीशी ठेवलं.

दुपार झाली. दुसरं पिल्लू आलं नाही. मी वाकून पाहायची तर मांजर कण्हायची, अंग ताणायची, पुन्हा पडून राहायची. पहिल्या पिल्लाला तिनं जवळ घेतलं होतं, पण चाटत नव्हती. मायनं कोमट तूप बोटावर नेऊन दिलं, तिनं तोंड फिरवलं. सुईणीला विचारावं म्हणून माय तिच्या घरी गेली, तर ती पदरात हसून म्हणाली, "मी माणसाची सुईण हाओ माय, माह्यानं नाई होत हे." खरंच होतं तिचं.

संध्याकाळी आक्कानं विचारलं, "झाली का मोकळी?"

माय म्हणाली, "झाली. चार हायेत. गोड हायेत."

"मले दाखव."

"उद्या दाखवतो. आज हात नाई लावू."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड असं आहे की त्यावर काही लपत नाही, आजही लपत नाही. ती उठली, भिंतीला धरत मधल्या खोलीत आली आणि एवढं पोट सांभाळत पोत्यांपाशी जमिनीवर बसली. सापटीत हात घातला. मांजर ओरबाडेल म्हणून मी घाबरले, पण तिनं आक्काच्या तळहातावर डोकं टेकवलं. आक्का तिच्या पोटावरून हात फिरवत बराच वेळ बसली. मग मायला म्हणाली, "हिचं आडलं हाय. तू खोटं काऊन बोलली?"

मायला रडू फुटलं. बाबा दारात येऊन उभे राहिले. आक्का त्यांना म्हणाली, "बाबा, हिले मेहकरले न्या. ढोराच्या दवाखान्यात."

बाबांना आधी वाटलं थट्टा करते. "मांजरीले? दमणी जुंपून? लोकं हासतीन ना बाई. मांजर हाय ते, तिचं तेच होते."

"तुमीच म्हणे ना, तिच्याकडे पाह्य. पाहून राह्यली ना मी. आता तुमी बी पाहा."

एवढं बोलून ती उठेना. जेवायलाही उठेना. मायनं बाबांना ओसरीत नेलं आणि मी ऐकेन याची पर्वा न करता म्हणाली, "आयकलं का, ते मांजर मेलं तं पोरीचा धीर गेला समजा. मंग तिच्या येळेले मी काय सांगू तिले? काय दाखवू?" बोलले ते काका. हाताला हळद बांधून दिवसभर ते कोपऱ्यात बसून होते. कोणी तरी त्यांना आठवण करून दिली होती, की ज्याच्या हातून मांजर मरते त्याला सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते. "मी जुंपतो दमणी," काका म्हणाले. "सकायीच निघू." त्यांच्या आवाजात भूतदया किती आणि सोनं किती, ते त्यांनाच माहीत.

उजाडता उजाडता आम्ही दमणीत, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीत, बसून निघालो. पुढे काका बैल हाकत, मागे बाबा, आणि टोपलीत मांजर नि तिचं काळं पिल्लू घेऊन मी, कारण आक्का सोडली तर ती माझ्याच हाताला राहत होती. आक्का दारात उभी होती. तिनं टोपलीवरचं लुगडं नीट केलं.

रस्त्यात ओळखीचे लोक भेटणारच. बाबांची सगळीकडे ओळख. एकजण वावरातून, म्हणजे शेतातून, ओरडला, "पाटील, सकायी सकायी काय घेऊन राह्यले?" बाबांना सांगायची लाज. म्हणाले, "बियाणं हाय थोडं." तेवढ्यात टोपलीतून आवाज आला. तो माणूस दमणीच्या शेजारी चालत राहिला. "बियाणं ओरडून राह्यलं पाटील." बाबांनी काकांना बैल हाका म्हणून सांगितलं. मला हसू येत होतं आणि टोपलीत हात घातला की रडू येत होतं. तिचं अंग गार पडायला लागलं होतं.

मेहकरचे गुरांचे डॉक्टर नागपूरकडचे होते. थोराड माणूस, बाहेर एका बैलाचा खूर बघत होते. टोपलीत डोकावले आणि मोठ्यानं हसले. "अरे, हा माझ्या दवाखान्यातला सगळ्यात लहान बैल!" मग त्यांनी तिच्या पोटाला हात लावला आणि हसणं थांबलं. "केव्हापासून?"

"काल सकायपासून, डाक्टरसाहेब," बाबा म्हणाले.

"गाय असती तर केव्हा आणली असती?"

बाबा म्हणाले, "मांजरीचं तं आपोआप होते ना साहेब."

"सगळ्यांचं आपोआपच होतं, होत नाही तोपर्यंत," डॉक्टर म्हणाले. मग जरा हळू, "मीही मांजर कधी केली नाही. बघू. डोकं धरा हिचं. दोन्ही हातांनी. सोडायचं नाही."

त्यांनी ते बाबांना सांगितलं, कारण बाबाच जवळ उभे होते. एक गोष्ट इथं सांगायला हवी. माझ्या बाबांना आम्ही धरून कितीतरी लेकरं झाली, काही जगली, काही गेली. पण आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस जात नाही. तो ओसरीत बसतो, पान खातो, बैलांना चारा टाकून येतो, आणि आतून निरोप आला की उठतो. गाईचं वेतसुद्धा आमचा गडी सांभाळायचा. म्हणजे एवढं वय झालं तरी बाबांनी जन्म कसा होतो ते डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं ते पहिलं बाळंतपण आमच्या मांजरीचं.

डॉक्टरांनी हात धुतले, बोटाला तेल लावलं. पिल्लू आडवं अडकलं होतं. ते एवढ्याशा जागेत हलक्या हातानं फिरवताना डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. मांजर ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बाबांनी डोकं सोडलं नाही, आणि ते तिला माणसाला सांगावं तसं सांगायला लागले. "झालं व माय, झालं. थोडं राह्यलं." अडकलेलं पिल्लू निघालं ते मेलेलंच होतं. त्याच्यामागून एक निघालं, तेही हललं नाही. मग आणखी एक निघालं. डॉक्टरांनी त्याला फडक्यात चोळलं, उलटं धरलं, पुन्हा चोळलं, आणि ते चिरकलं. मी टाळ्या वाजवल्या. काका "वार, वार" करत पुढे सरकले, तोवर डॉक्टरांनी ती फिनेलच्या बादलीत टाकलीसुद्धा. काका बराच वेळ त्या बादलीकडे बघत उभे होते. बरकत फिनेलमध्ये बुडालेली मी तेव्हाच पाहिली, नंतरही त्यांचा धंदा काही वाईट चालला नाही.

निघताना डॉक्टर बाबांना म्हणाले, "हीच अजून पिल्लू आहे. इतक्या लहान वयात व्हायला नको होतं. वाचली हे नशीब." बाबांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर टोपली माझ्याकडून त्यांनी घेतली आणि डोणगाव येईपर्यंत मांडीवर धरली. वाटेत तोच सकाळचा माणूस भेटला. म्हणाला, "पाटील, पेरलं का बियाणं?" बाबांनी लुगडं बाजूला केलं आणि त्याला मांजर दाखवली. "मांजर आडली होती. दवाखान्यात नेली होती," ते म्हणाले, अगदी सरळ. त्या माणसाची थट्टा तिथंच संपली.

आक्का ओट्यावरच बसली होती. टोपली तिच्यापुढे ठेवली. मांजरीनं डोळे उघडले, दोन्ही पिल्लं तिच्या पोटाशी चिकटलेली. आक्कानं तिला कपाळापासून शेपटीपर्यंत एकदा कुरवाळलं. शेजारच्या बायका जमल्या, हसणं-बोलणं सुरू झालं, आणि कोणी तरी सवयीनं म्हणालंच, "पाह्य आक्का, सुटली ना बाई? तुही बी तसीच सुटसीन."

आक्का म्हणाली, "ते सुटली नाई. तिले सोडवलं." आणि बाबांकडे वळून, "बाबा, मले बी मेहकरले न्या. माणसाच्या दवाखान्यात."

आमच्या गावात दवाखान्यात बाळंत व्हायला तीच जायची जिची आशा सुटली. धडधाकट पोरीनं जायचं म्हणजे माहेरची लाज. माय म्हणाली, "काई बोलतं का पोरी? सुईण काय म्हणन? तुह्या सासरचे काय म्हणतीन? घरी मी नाई का?"

"मांजरीले जुंपली तुमी दमणी," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "माह्यासाठी काऊन नाई जुंपत?"

बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "जुंपतो." माय त्यांच्याकडे बघत राहिली. तेव्हा ते मायला म्हणाले, "मी पाह्यलं नोतं कधी. आज पाह्यलं."

दिवस भरत आले तशी खरंच दमणी जुंपली. आत गादी, गादीवर आक्का, शेजारी माय, आणि रुसू नये म्हणून सुईणीलाही घेतलं. ती सगळ्यात खुशीत होती, तिला मेहकरचा बाजार बघायचा होता. मी हट्ट करून बसले. काका घरी थांबले, पिल्लांना बोक्यापासून राखायला. मांजर आता त्यांच्याच खोक्यात झोपायची. मेहकरात एका नातेवाइकाकडे उतरलो आणि वेळ आली तसं दवाखान्यात गेलो.

आक्काचं सोपं झालं नाही. नर्सबाई आत गेल्या, मग डॉक्टर आले, मग पुन्हा पाणी गरम करायला सांगितलं. मायला आत घेतलं नाही. ती दाराशी बसून होती, देवाचं नाव घेत. बाबा व्हरांड्यात होते. त्यांनी पान खाल्लं नाही, बैलांकडे गेले नाहीत. आतून आक्काचा आवाज आला की उठायचे, दोन पावलं दाराकडे यायचे, पुन्हा जाऊन बसायचे. मेहकरच्या त्या व्हरांड्यात मी त्यांना रडताना पाहिलं.

दुपार कलली तेव्हा लेकराचं रडणं ऐकू आलं. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "मुलगा झाला. पेढे आणा."

बाबा म्हणाले, "ते असू द्या. माही पोरगी कसी हाये?"

"बरी आहे. दमलीय. पण बरी आहे."

बाबांनी नर्सबाईंना हात जोडले. सुईण पेढ्यांचं विचारत होती, नर्सबाई काहीतरी सांगत होत्या. माय दाराशी होती तिनं सगळं ऐकलं. पदर तोंडाला लावून ती आवारातल्या विहिरीकडे गेली. मला वाटलं आनंदानं रडत असेल, म्हणून मी मागे गेले.

विहिरीच्या कठड्याला टेकून ती म्हणाली, "तुह्या येळेले मी लय आडली होती. वाचत नाई म्हणे. तुह्या बाबायनं दारातून इचारलं, काय झालं? सुईण म्हणे, पोरगी. मंग ते वावरात गेले."

तिनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि माझा हात धरला. "चाल," ती म्हणाली, "आक्काजवळ जाऊ."